डिस्प्ले कार्डावरची रिकामी जागा

१८ जानेवारी, रविवार. क्लासच्या माळ्यावरची खोकी उतरवायची होती आणि त्यातलं भंगारात काय जाणार ते ठरवायचं होतं. दुसऱ्या दिवशी रंगारी येणार होता. माळा रिकामा नसेल तर खोक्यांसकट रंगवीन, असं तो म्हणाला होता, आणि माणूस तसा करण्यातला वाटत होता.

हा कॉम्प्युटर क्लास मी काढला तेव्हा खोलीत चपला बाहेर काढून जायची पद्धत होती. एका मशीनवर दोन मुली, आणि माऊसला हात लावण्यावरून भांडणं. आता मी अकाउंटिंग शिकवते, ऑनलाइन फॉर्म भरून देते, प्रिंटआउट काढते. मधल्या वर्षांत जी मशीनं बिघडली ती मीच उघडली, कारण पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत बॅचच संपून जायची. आधी उघडायची सवय लागली. मग उघडलेलं टाकायचं नाही ही सवय लागली. माळा भरला तो त्यामुळे.

पहिल्याच खोक्यात डिस्प्ले कार्डं निघाली. कॉम्प्युटरच्या पोटात उभी बसणारी, पडद्याला चित्र पुरवणारी तळहाताएवढी हिरवी पाटी. हल्ली ते काम मुख्य बोर्डच करतो, तेव्हा कार्ड वेगळं घ्यावं लागे. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘अ‍ॅक्सिलरेटर’ छापलेलं असायचं आणि विकणारा सांगायचा, “ह्यानं मशीन पळतंय बघा मॅडम.” मशीन काही पळायचं नाही. पडद्यावरची चौकट सरकवली की तिची शेपटी मागे राहायची, ती जरा लवकर पुसली जायची, एवढंच.

मी वर्तमानपत्र अंथरलं आणि ज्वारी निवडायला बसावं तशी बसले. खोडरबरानं कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या पुसायच्या, भिंग लावून नंबर वाचायचे, मग बाजूला ठेवायचं. अर्ध्या तासात हे काम संपायला हवं होतं, पण मी रमले. कारण ही कार्डं वाटतात तशी नसतात. नावावरून ओळखायला जाल तर फसाल. नाव खोक्यावर असतं आणि खोकी केव्हाच अदलाबदल झालेली असतात. मधल्या मोठ्या चिपवरचा नंबर बघायचा, तोही शेवटच्या अक्षरापर्यंत. मग पाटीच्या कोपऱ्यात बारीक छापलेली आवृत्ती. मग मेमरी: किती चिपा पाटीला डाक देऊन पक्क्या केलेल्या, किती सॉकेटात नुसत्या दाबून बसवलेल्या, किती जागा रिकाम्या. एकाच नावाची, एकाच रंगाची, एकाच दुकानातून आणलेली दोन कार्डं माझ्यासमोर होती. एकावर पुढे मेमरी वाढवायला सॉकेटं होती. दुसऱ्यावर त्याच जागी फक्त चांदीचे ठिपके, सॉकेटच बसवलेलं नाही. कारखान्यानं तेवढी बचत केलेली. आपल्याकडे सोलापुरात एकच छाप मारलेल्या दोन चादरी उचलून बघितल्या की वजनात फरक लागतो, तसं.

नवरा चहा घेऊन आला. कॉलेजात क्लार्क आहे, रविवारी त्याला करमत नाही.

“एवढ्या बारकाईनं माझ्याकडे कधी बघितलं नाहीस,” तो म्हणाला.

“तुमच्यावर नंबर कुठं छापलेत?”

“हे सगळं टाकणार आहेस ना?”

“बघून टाकणार.”

“म्हणजे नाही टाकणार,” असं म्हणून तो कप ठेवून गेला.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. आली ती माझ्या सुरुवातीच्या बॅचमधली विद्यार्थिनी. माहेर तेलुगू विणकरांचं, सासरही तसंच, अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांची चादरी-टॉवेलांची शेड. क्लासमध्ये बाकीच्या मुली पत्रं टाइप करायला शिकत होत्या तेव्हा ही पडद्यावर एकेक चौकोन रंगवत बसायची. लग्नानंतर सासरच्यांनी चादरीच्या डिझाइनसाठी कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला घरात हीच होती. गेली कित्येक वर्षं त्यांच्या जेकार्डच्या मागांवर जी नक्षी उतरते ती हिनं काढलेली असते. आता तिच्याही कपाळाशी केस पांढरे झालेत, पण मला मॅडमच म्हणते.

तिनं पिशवीतून टर्किश टॉवेलची गुंडाळी काढली आणि उलगडून माझ्यासमोर धरली. आत एक डिस्प्ले कार्ड.

“मॅडम, हे बघा की. मेलंय का जिवंत हाय?”

“मशीन कुठंय?”

“ते शेडमध्ये. लई जड आहे, कोण उचलणार? मी नुसतं हे उपटून आणलं.”

“उपटून?”

“स्क्रू काढून हो. शिकवलंय की तुम्हीच.”

“टॉवेलात गुंडाळायला नव्हतं शिकवलं.”

“आमच्या घरात बाळसुद्धा टॉवेलातच आणतात दवाखान्यातनं,” ती म्हणाली आणि खाली माझ्यासमोर मांडी घालून बसली. हसली नाही. तिचं काहीतरी अडलेलं होतं हे मला तेव्हाच कळलं.

अडलेलं असं होतं. जेकार्ड, म्हणजे मागावर बसवलेलं यंत्र, नक्षी वाचतं ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. पुठ्ठे दोऱ्यानं ओवून त्यांची लांब माळ करतात आणि ती मागाच्या डोक्यावर फिरत राहते. तिनं मागे ज्वारीच्या कणसांचा काठ असलेली एक चादर काढली होती. दुधनीच्या एका व्यापाऱ्यानं ती पुन्हा मागितली, आधी नमुना दाखवा म्हणाला. माळ काढून बघतात तर मधले पुठ्ठे उंदरांनी कुरतडलेले. नवे पाडायचे तर मूळ डिझाइन कॉम्प्युटरमध्ये. ते उघडायचं सॉफ्टवेअर जुनं, मशीनच्या पाठीला एक कुलूपवजा डबी लावलेली असेल तरच चालणारं, आणि पुठ्ठ्यांना भोकं पाडणारं यंत्रही त्याच मशीनला जोडलेलं. दुसऱ्या कॉम्प्युटरचा काही उपयोग नाही. आणि गेल्या सोमवारपासून डिझाइन उघडलं की पडदा काळा व्हायचा आणि सॉफ्टवेअर आपोआप बंद.

“भाऊजी म्हणतात, उद्या सकाळपर्यंत पुठ्ठे मागावर चढले नाहीत तर दोन्ही जेकार्ड काढून टाकणार. साधे टॉवेल लावणार. जेकार्ड भंगारात.”

भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. शेडचा व्यवहार तो बघतो.

“टॉवेलनं काय बिघडतं?” मी विचारलं.

“टॉवेलला डिझाइन लागत नाही, मॅडम. मग माझं तिथं काय काम? घरी बसून वाती वळू?”

मी कार्ड हातात घेतलं. मेमरीच्या भागात पाटीला डाक दिलेल्या दोन चिपा. त्यांच्या शेजारी दोन तपकिरी सॉकेटं. एकात चिप, दुसरं रिकामं.

“हे असंच होतं का आधी?”

“मी कधी बघितलंच नाही. चालत होतं, मग कशाला बघू?”

“तुझं डिझाइन पडद्यावर केवढं उघडतं? बाराशे ऐंशी बाय हजार चोवीस?”

“तेच. त्याशिवाय उघडतच नाही ते.”

मी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला. पडद्यावर टिंबं तेरा लाखांच्या वर. दोनशे छप्पन्न रंगांत प्रत्येक टिंबाला मेमरीत एक घर लागतं. एका मेगाबाइटमध्ये घरं साडेदहा लाखांच्या आसपास. म्हणजे ह्या कार्डावर दोन मेगाबाइट असल्याशिवाय हे चित्र मावणारच नाही, आणि इतकी वर्षं ते मावत होतं. डाक दिलेल्या दोन चिपांचं मिळून एक मेगाबाइट, सॉकेटातल्या दोघींचं दुसरं. त्या जोडीनंच चालतात. एक गेली की उरलेली असून नसल्यासारखी, कार्ड एकच मेगाबाइट मोजतं.

“म्हणजे ह्यातली एक चिप होती आणि आता नाही,” मी म्हणाले.

ती एकदम म्हणाली, “भाऊजींनी काढली.”

“त्यांना काय कळतं त्यातलं?”

“कळायला कशाला पाहिजे? सॉफ्टवेअर बंद पाडायचंय हे तर कळतं! महिन्यापूर्वी जेकार्ड काढायचं म्हणाले, मी नाही म्हटलं. आणि आता बरोबर ऐन वेळेला हे. आठवडा झाला मी त्यांच्याशी बोलत नाही. आता सगळ्यांसमोर विचारते. सासूबाईंसमोर विचारते.”

“आधी मशीन बघू,” मी म्हणाले. “विचारायला वेळ लागत नाही. विचारलेलं मागे घ्यायला लागतो.”

खोक्यातून कार्डं उचलली. पहिलं तिच्या कार्डासारखंच दिसणारं, सॉकेटं असलेलं, चारही चिपा भरलेल्या. दुसरं तेच, पण सॉकेटांच्या जागी नुसते ठिपके असलेलं. ते लगेच परत ठेवलं. जिथं वाढवायची सोयच नाही ते नेऊन काय करायचं? त्याऐवजी एक वेगळ्याच घाटाचं जुनं, लांबडं कार्ड घेतलं, ज्यावर सगळ्याच चिपा सॉकेटात होत्या. ते आपलं जादा, सुटं म्हणून. भिंग, स्क्रूड्रायव्हर, खोडरबर. सगळं स्टीलच्या डब्यात ठेवलं, टॉवेल तिला परत दिला.

नवऱ्याला सांगितलं, खोकी उतरवून ठेवा. तो म्हणाला, “कुठली टाकायची?” मी म्हटलं, “एकही नाही.” आणि स्कूटरवर बसले.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी चुकवत ती मागच्या रस्त्यानं निघाली. अक्कलकोट रोडला लागल्यावर बोलणं थांबलं, कारण ट्रकच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी डबा पोटाशी धरून विचार करत होते तो दिराचा नाही, चिपेचा. घट्ट बसलेली चिप काढायला बारीक अवजार लागतं. ज्याला मशीन बंद पाडायचं आहे तो माणूस वायर ओढेल, लाथ मारेल. तो चारांतली नेमकी एक चिप काढून नेईल का? आणि नेली तर तिचं करेल काय?

रविवार असल्यामुळे माग बंद होते. शेडमध्ये एकटा जॉबर होता, मागांची दुरुस्ती बघणारा मैंदर्गीकडचा माणूस, एका मागाखाली आडवा होऊन काहीतरी पिळत होता. कोपऱ्यात काचेची खोली, खोलीत मशीन. मशीनला झाकण नव्हतं. उन्हाळ्यात तापतं म्हणून कधीतरी काढलं ते परत बसवलंच नव्हतं. शेजारी टेबलफॅन. चादरींच्या शेडमध्ये हवेत सतत कापसाचा भुरका उडत असतो, तो सगळीकडे बसतो, माणसांच्या भुवयांवरसुद्धा. मला वाटलं होतं उघड्या मशीनच्या आत गादीच भरलेली असेल. पण आत लख्ख होतं. कोपऱ्याकोपऱ्यातून पुसल्यासारखं.

“हे एवढं स्वच्छ कसं?” मी विचारलं.

“आम्ही स्वच्छ ठेवतो की,” ती म्हणाली. जरा अभिमानानंच.

“कशानं?”

तिनं दाराबाहेर बोट केलं. तिथं कंप्रेसर होता आणि त्याची लांब निळी नळी भिंतीवर गुंडाळून टांगलेली. दर शनिवारी पाळी संपली की ह्याच नळीनं मागांवरचा भुरका उडवतात. मागासाठी ते बरोबरच आहे, हातानं पुसत बसलं तर दिवस जाईल.

मी कार्ड भिंगाखाली धरलं. क्लासवर मी रिकाम्या सॉकेटाकडेच बघत बसले होते. आता भरलेल्याकडे बघितलं. उरलेली चिपही नीट बसलेली नव्हती. एका बाजूनं वर उचललेली होती आणि तिच्या पोटाखाली कापूस ठासून भरलेला, बोटानं नाही, जोरानं मारलेल्या हवेनंच बसेल असा. वर्षानुवर्षं तापून थंड होऊन चिपा सॉकेटातून कणाकणानं वर येतात, ते मला माहीत होतं. वर आलेल्या चिपेवर जवळून कंप्रेसर मारला तर काय होईल हे मी कधी बघितलं नव्हतं, कारण सोलापुरातच काय, कुठल्याही क्लासमध्ये कंप्रेसर नसतो.

मी जॉबरला हाक मारली. तो हात पुसत आला.

“शनिवारी मशीनला हवा तुम्ही मारता का?”

“व्हय. दर शनवारी मारतो की.”

“कालचं नाही, त्याच्या आधीच्या शनिवारी काही उडालं का त्यातनं?”

तो विचारात पडला. “कायतरी टिक करून वाजलं व्हतं भिंतीला. मला वाटलं खडा आसंल.”

“मग?”

“मग काय? झाडून काढलं. रुईसंगं गेलं.”

“रुई कुठं जाते?”

“गादीवाला नेतो.”

मला हसू आवरेना. आमच्या अर्ध्या मेगाबाइटवर आता कुणीतरी झोपणार होतं.

“पण इतक्या जवळून कशाला मारायची हवा!” ती जॉबरवर चिडली. “कुणी सांगितलं तुला?”

“तुमीच,” तो म्हणाला. “हितं नीट मारत जा, कोपरं ऱ्हातात, असं तुमीच म्हनला न्हाय का दिवाळीला?”

ती खुर्ची ओढून बसली आणि कीबोर्डवरचा नसलेला भुरका पदरानं पुसायला लागली. जॉबर माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होता, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुम्ही जरा थांबा, तुमची गरज पडेल.

आता सोपा उपाय आधी. माझ्याकडचं सारखं दिसणारं कार्ड आख्खंच बसवून बघितलं. मशीन सुरू झालं, पहिल्या ओळीत दोन मेगाबाइट मोजले, ती टाळी वाजवायला गेली. पण पुढे विंडोज उघडलं ते ढोबळ सोळा रंगांत, आणि ह्या कार्डाचा ड्रायव्हर द्या म्हणून अडून बसलं. मी परत भिंग लावलं. मधल्या मोठ्या चिपचा नंबर तोच होता. शेवटचं अक्षर वेगळं होतं. पाटी तीच ठेवून कारखान्यानं आतला मेंदू बदललेला, आणि खोक्यावर त्याचा एक शब्द नाही. त्याचा ड्रायव्हर ज्या फ्लॉपीत होता ती फ्लॉपी कुठल्या खोक्यात आणि आता ती वाचली जाईल का, कुणास ठाऊक.

“मग?” ती म्हणाली.

“मग तुझंच कार्ड. फक्त चिप ह्याची.”

सॉकेटातून चिप काढायचं अवजार माझ्याकडे कधीकाळी होतं. जॉबरला विचारलं, बारीक चपटं, टोकाला वाकलेलं काही आहे का? त्यानं खिशातून फणीतून धागे ओढायचा आकडा काढून दिला. पत्र्यासारखा पातळ. एका कोपऱ्यातून सरकवला, मग समोरच्या कोपऱ्यातून, चिप अलगद वर आली. तिच्या कार्डाच्या रिकाम्या सॉकेटात बसवली. चिपेचा एक कोपरा किंचित कापलेला असतो, तो सॉकेटाच्या कापलेल्या कोपऱ्याशी जुळला पाहिजे, नाहीतर उलटी बसते आणि जळते. उचललेली दुसरी चिपही काढली, खालचा कापूस टोकरला, परत दाबून बसवली.

मशीन सुरू केलं. दोन मेगाबाइट. विंडोज नीट उघडलं. सॉफ्टवेअर उघडलं. डिझाइन उघडलं आणि ज्वारीची कणसं आली, पण पडद्याच्या खालच्या अर्ध्यात आडव्या रेघा, ठिपके, आणि रेघा थरथरत होत्या. वरच्या अर्ध्यात पीक उभं, खालच्यात टोळधाड.

“हे पुठ्ठ्यावर पण असंच पडणार?” तिनं विचारलं.

“माहीत नाही. आणि तसं पाडून बघायचं नाही.”

मी दोन्ही चिपा शेजारी ठेवून वाचल्या. आकार तोच, पाय तितकेच, कारखानाही एकच. नंबरही शेवटचा अंक सोडला तर सारखा. शेवटी तिच्या चिपेवर शून्य, माझ्या चिपेवर चार. हा चारवाला प्रकार नंतरचा, जरा वेगळ्या रीतीनं माहिती हातात धरून ठेवणारा. काही कार्डांना तो चालतो, काहींना नाही. तिच्या कार्डाला चालत नव्हता. ह्या शेवटच्या अंकाचा अर्थ मला कुणी सांगितलेला नाही. वर्षानुवर्षं ह्याची चिप त्याला लावून, कुठं रेघा येतात नि कुठं येत नाहीत ते बघून मी तो जुळवला आहे. माझ्या हातून गेलेल्या चिपांपुरता तो खरा ठरलाय. सगळ्या दुनियेचं मी सांगत नाही.

राहिलं ते लांबडं, वेगळ्या घाटाचं कार्ड. त्याचा मेंदू ह्या मशीनला परका, पण मेमरी? भिंगाखाली धरलं. सगळ्या चिपा शेवटी शून्यवाल्या. मी सुटं म्हणून उचललं होतं ते.

त्यातल्या दोन काढल्या. तिच्या कार्डावरची जुनीही काढून ठेवली; जोडी एकाच घरची बरी. ती मात्र आता माझ्या खांद्यावरून बघत नव्हती. दाराशी जाऊन उभी राहिली होती, पाठ करून. शेडच्या फाटकातून टेम्पो आत येत होता. टेम्पोत टॉवेलच्या सुताचे रूळ, पुढे ड्रायव्हरशेजारी तिचा दीर.

तो खोलीत आला, मला नमस्कार केला, टेबलावर उघडं पडलेलं मशीन, कार्डं, आकडा सगळं बघितलं. “वदिना, रविवारी पण चालूच का?” तो तिला म्हणाला. तेलुगूत भावजयीला वदिना म्हणतात. “उद्या सकाळी टॉवेलचं सूत मागाला जोडायला जोडणीवाले बोलवलेत मी.”

ती म्हणाली, “चहा घेणार का?”

तो गडबडला. आठवडाभर ज्या बाईनं हूं का चूं केलं नव्हतं तिनं चहा विचारला होता. “काय झालं, ताप आलाय का?”

“घेणार का नाही?”

“घेतो की. विष नाही ना त्यात?”

“साखर पण नाही घालत, काळजी नको,” असं म्हणून ती जॉबरच्या स्टोव्हकडे गेली. दिराला डायबिटिस आहे हे मला नंतर कळलं.

मी दोन्ही चिपा तिच्या कार्डात दाबून बसवल्या, कार्ड लावून मशीन सुरू केलं. दोन मेगाबाइट. डिझाइन उघडलं. वरपासून खालपर्यंत कणसं, एकेक दाणा चौकोनी, कडा स्वच्छ. मी माऊसनं खालच्या टोकाला गेले, परत वर आले, पाच-सहा वेळा बंद करून उघडलं. रेघ नाही, ठिपका नाही.

“हे बंद पडलं होतं ना?” दीर म्हणाला.

“चिप उडाली होती. कंप्रेसरनं.”

“मी सांगितलं होतं ह्यांना,” तो जॉबरकडे बघत म्हणाला, “त्या खोलीत हवा मारू नका, धूळ सगळी आतच बसते. ऐकतंय कोण माझं?”

ती चहाचे ग्लास घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. पहिला ग्लास त्याला दिला.

कुरतडलेले तेवढेच पुठ्ठे पाडायचे होते. पुठ्ठ्यांच्या यंत्राचा खडखडाट सुरू झाला तेव्हा आम्ही तिच्या डब्यातला चिंचेचा भात खाल्ला, उभ्याउभ्याच. जॉबर जमिनीवर बसून नवे पुठ्ठे जुन्या माळेत ओवत होता. दिरानं एक नवा पुठ्ठा उजेडाकडे धरला, भोकांतून बघितलं, जणू त्यातून व्यापारी दिसणार होता.

“हे बघा वदिना,” तो म्हणाला. “दोन्ही माग नाही अडकवता येणार. सूत आणून पडलंय. एकावर टॉवेल लावतो. एक तुमचा.”

“आणि दुधनीवाला हो म्हणाला तर?”

“तर दुसरा पण परत देतो.”

“नाही म्हणाला तर?”

“तर नमुना मीच पांघरीन. थंडी आहेच की.”

ती हसली. एक माग गेला होता, एक राहिला होता. ती मशीनसमोर बसली आणि यंत्रातून पडणारा प्रत्येक पुठ्ठा पडद्याशी ताडून बघत राहिली. तिची मान तशीच पुढे होती, क्लासमध्ये असायची तशी. उन्हं उतरायच्या आत मी निघाले.

वाटेत मला एकच गोष्ट टोचत होती. आज चिप गेली, ती माझ्या माळ्यावर सापडली. उद्या हार्ड डिस्क गेली तर ती कुठल्याच माळ्यावर सापडणार नाही. तिची इतक्या वर्षांची सगळी नक्षी त्या एका डिस्कवर होती, तिथंच होती, आणि ते डझनभर लोकांना माहीत असून कुणाच्या मनात काही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला अर्धी रजा टाकायला लावून रंगाऱ्यापाशी क्लासवर बसवलं, जुनी डिस्क लॅपटॉपला जोडायची केबल घेतली आणि रिक्षानं शेडवर गेले. एक माग सुरू होता. त्यावर चादरीची पहिली वीतभर लांबी उतरली होती आणि तिच्या काठाला कणसाचं देठ दिसायला लागलं होतं. ती मागापाशी उभी होती, तिनं नुसता हात हलवला. शेजारच्या मागावरचं जेकार्ड उतरवून भिंतीला टेकवलेलं होतं. व्यापारी दुपारनंतर येणार होता. मी काचेच्या खोलीत जाऊन मशीन बंद केलं, डिस्क सोडवली, केबल लावली आणि डिझाइनं उतरवून घ्यायला सुरुवात केली. मध्येच दीर आत आला, जरा वेळ लॅपटॉपवर सरकणारी नावं बघत उभा राहिला.

“हे सगळं वदिनांनी काढलेलं?”

“सगळं.”

त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. “मला पण एक कॉपी द्या.”

मी त्यालाही एक दिली. मग डिस्क जागेवर बसवली, मशीन सुरू करून ज्वारीचं डिझाइन उघडून बघितलं, आणि कपाटामागे उभं करून ठेवलेलं मशीनचं झाकण शोधून त्याचे चारही स्क्रू पिळले.